सोनचाफ्याला वळसा

घर बोलतं. कौल सरकलं की बोलतं, दार फुगलं की बोलतं, भिंतीत ओल शिरली की पोपडे टाकून बोलतं, आणि आपण लगेच धावत जाऊन त्याचं ऐकतो. पण घराच्या पोटातली जी नळी न्हाणीतून आणि संडासातून निघून रस्त्याखालच्या मोठ्या गटाराला मिळते, ती बोलायला लागली की आपल्यासारखी पांढरपेशी माणसं कानात बोळे घालून बसतात. वास आला तर खिडकी लावायची. पाहुणा आला तर उदबत्ती लावायची. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, तशातली गत. राजाजीनगरात प्रेमाच्या घरी पुष्कळ दिवस असंच चाललं होतं.

प्रेमा निपाणीची, तिचा नवरा नंदकिशोर बेळगावचा. बंगळुरातल्या एका मोठ्या कारखान्यात तो ड्राफ्ट्समन होता. यंत्रांचे भाग कागदावर रेखायचे, हे त्याचं काम. नाकासमोर चालणारा, कमी बोलणारा, एक रेघ चुकली तर ज्याला जेवण गोड लागायचं नाही असा माणूस. राजाजीनगर तेव्हा नवंच वसत होतं. चुन्याने आखलेले प्लॉट आणि त्या आखणीला न जुमानता हिंडणाऱ्या शेळ्या, एवढंच तिथे होतं. त्यातल्या एका प्लॉटवर नंदकिशोरने स्वतः नकाशा काढून घर बांधलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, तांबड्या सिमेंटची गुळगुळीत जमीन आणि मागच्या अंगणात विहीर. नळ होता, पण त्याला पाणी यायचं तेव्हा यायचं. विहिरीचं पाणी मात्र गोड होतं, आणि त्याची कॉफी झकास होते हे शेजारची गौरम्मासुद्धा कबूल करायची.

सगळं होतं, मूल नव्हतं. नव्हतं म्हणजे झालं होतं, दोनदा. दोन्ही बाळं दवाखान्यात जन्मली आणि दवाखान्यातच गेली. नंदकिशोरची आत्या तानूबाई कॉटनपेठेत राहायची. तिथल्या मराठी वस्तीतल्या निम्म्या बायकांची बाळंतपणं तिच्या हातची. तिने एक दिवस प्रेमाला पुढ्यात बसवून घेतलं.

"त्यांची वार कुठं पुरली?"

"काय ठाऊक, आत्या. दवाखान्यात कोण सांगतंय?"

"मग! नाळ कुठं पडली तेच म्हाईत न्हाई, तर पोरांनी कशाला धरून ऱ्हायाचं गं?"

दुधाने पोळलेल्या माणसाला ताक फुंकायला शिकवावं लागत नाही. तिसऱ्या खेपेला प्रेमा दवाखान्याची पायरी चढली नाही. कुमुद घरातच जन्मली, मागच्या खोलीत, तानूबाईच्या हातावर. तानूबाईने वार आणि नाळ नव्या गाडग्यात घातली, वर हळद-कुंकू आणि सुपारी ठेवली आणि अंगणात विहिरीच्या अलीकडे खड्डा करून ते गाडगं पुरलं. नंदकिशोरने लालबागेच्या रोपवाटिकेतून सोनचाफ्याचं रोप आणलं होतं, ते बरोबर त्यावर लावलं. बाळाच्या अंघोळीचं पाणी पुढे कितीतरी दिवस त्या आळ्यात पडत होतं.

"ह्ये झाड आन ही पोर, जुळीच समज," तानूबाई म्हणाली. "झाड हिरवं हाय तवर पोरीला काय बी हुत न्हाई, बघ."

हसायला सोपं आहे. पण दोन पाळणे रिकामे झालेल्या बाईला काहीतरी धरायला लागतं, आणि झाड धरायला बरं असतं, ते हातातून सुटत नाही. नंदकिशोर शिकलेला होता, अशा गोष्टींवर तो मनातून विश्वास ठेवत नसेल. पण कारखान्यातून आला की सायकल टेकवून पहिल्यांदा तो अंगणात जायचा आणि रोपाला नवं पान आलं का ते बघायचा. कुमुद जगली, रांगली, चालली, आणि चाफा तिच्या वरचढ वाढला.

कुमुदचे केस फार. कुठून आणले होते कोण जाणे, प्रेमाच्या घराण्यात असे केस कुणाचे नव्हते. शाळेत जायला लागली तेव्हा ते कमरेखाली गेले होते, आणि रोज सकाळी मागच्या पायरीवर आईच्या गुडघ्यांत मान घालून वेणी घालून घेणं म्हणजे मायलेकींची लढाई होती. गुंता निघता निघायचा नाही. प्रेमाचा हात जड, कुमुदचा आवाज मोठा. "हळू गं, आई! हळू!" ही आरोळी गौरम्माच्या घरापर्यंत जायची. नंदकिशोर आत दाढी करत असायचा, त्याला ती आरोळी ऐकली की साडेसातची शाळेची घाई कळायची. वेणी झाली की चाफ्याचं फूल, आणि फूल माळलं की सगळं भांडण मिटलं.

साठ सालच्या सुमाराला त्यांच्या रस्त्याखालून मोठं गटार आलं. घरोघरी खणाखणी सुरू झाली, जुने संडास गेले, नवे आले, लोकांनी एकमेकांना घरी बोलावून साखळी ओढून दाखवली. नंदकिशोरकडे मल्लाप्पा मेस्त्री आला. त्याने अंगणात दोरी धरली. न्हाणी आणि संडासापासून रस्त्याकडे सरळ जाणारी दोरी नेमकी चाफ्याच्या बुंध्यावरून गेली.

"अहो," प्रेमा पायरीवरून म्हणाली, "तिथं कुदळ लावायची नाही."

"फक्त एका बाजूने..."

"तिथं माझ्या पोरीची नाळ आहे. कुदळ लावायची नाही म्हणजे नाही."

तिने आवाज चढवला नव्हता. पण नंदकिशोरने तिच्याकडे पाहिलं आणि त्याला ते दोन रिकामे पाळणे आठवले. त्याने मल्लाप्पाला कॉफी दिली, आतून कागद आणला आणि नवी रेघ काढली. झाडाशी आली की वळायची, झाड आणि विहीर यांच्यामधून जायची आणि पुढे परत वळून रस्त्याला मिळायची. ती काढताना त्याचा हात क्षणभर थांबला. पाणी सरळ जायला मागतं, वळणावर सांधे येतात आणि सांधा म्हणजे दुबळी जागा, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. रोज कागदावर हेच तर तो करत होता. पण त्याने वळसा काढला, आणि तो वळसा काढल्याचं त्या दिवशी त्याला समाधानच वाटलं.

"सरी, सार," मल्लाप्पाने मान डोलावली, आणि नंदकिशोरने सांगितलं तसे पाइप टाकले.

एक-दोन वर्षं काही झालं नाही. मग घर बोलायला लागलं.

आधी न्हाणीतलं पाणी हळू जायला लागलं. अंघोळीनंतर घोट्याएवढं पाणी मोरीत उभं राहायचं आणि विचार केल्यासारखं सावकाश खाली उतरायचं. मग एक नवीनच प्रकार सुरू झाला. न्हाणीत बादली उपडी केली की पलीकडच्या संडासात गुडगुड व्हायचं. कुमुदला त्याची फार गंमत वाटायची. "आई, संडासाला भूक लागली!" म्हणून ती ओरडायची आणि पुन्हा बादली ओतायची. प्रेमा तिला दटावायची, असलं मोठ्याने बोलू नये म्हणून. नंदकिशोर रविवारी बांबूची लांब चिवट कामटी घालून ढोसायचा, पाणी भसकन जायचं आणि सगळे खूश व्हायचे. पुढच्या महिन्यात परत तेच. मोरीतून झुरळं यायला लागली. दुपारी वारा पडला की मागच्या अंगणात एक वास रेंगाळायचा. प्रेमाने फिनेल आणलं, कापूर जाळला आणि वासाचं खापर शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर फोडलं.

आणि चाफा! चाफ्याने त्या वर्षी कहर केला. पानं तळहाताएवढी, काळपट हिरवी, तेल चोपडल्यासारखी. ऐन उन्हाळ्यात, आसपासची झाडं मान टाकून उभी असताना, हा फुलांनी भरलेला. बुंध्याभोवती गवतही असं दाट माजलं होतं की शेळ्या कुंपणाबाहेरून आशेने बघत राहायच्या.

"संपिगे तुंबा चन्नागिदे, प्रेमाक्का!" गौरम्मा कुंपणावरून म्हणायची. चाफा फार छान आलाय, घालता तरी काय त्याला, आम्हालाही सांगा की, असं तिचं म्हणणं.

"काही नाही हो. पोरीचं झाड आहे ते," प्रेमा सांगायची आणि तेवढ्यापुरतं तिला आभाळ ठेंगणं व्हायचं. त्या वर्षी कुमुद वर्गात पहिली आली होती. झाडाकडे बघावं आणि पोरीकडे बघावं, दोघं एकमेकांच्या ईर्ष्येने वाढत होती. दृष्ट लागू नये म्हणून प्रेमा शनिवारी कुमुदवरून मीठमोहऱ्या उतरायची आणि उरलेल्या मूठभर झाडावरून.

नंदकिशोरला मात्र कळलं होतं. एका रविवारी तो झाडाशी उकिडवा बसला आणि त्याने मातीत बोट घातलं. कित्येक दिवस पाऊस नव्हता, तरी बोट ओलं निघालं. त्याने ते नाकाशी नेलं आणि विहिरीवर जाऊन हात धुतले.

"प्रेमा, इकडे ये जरा," तो म्हणाला. "नुसती मोरी तुंबली असती तर नुसत्या मोरीचंच पाणी अडलं असतं. आपल्याकडे इथं बादली ओतली की तिथं गुडगुडतं. म्हणजे अडलंय ते पुढं, दोघांचं पाणी जिथं एक होतं त्याच्याही पुढं. ह्या वळणावर. सांधा सुटलाय आणि झाडाची मुळं आत गेलीत. झाड असं माजलंय ते उगीच नाही."

"माजलंय काय म्हणताय? आल्यागेल्यानं तोंडात बोट घालावं असं झाड आहे."

"मी नीळ घालून बघतो. संडासात निळीचं पाणी ओतायचं आणि रस्त्याजवळच्या चेंबरात किती उतरतं ते बघायचं. कमी उतरलं तर मधे कुठंतरी मुरतंय."

प्रेमाला हसू आलं. "संडासात नीळ? काय धुणं घालायचंय काय तिथं?"

"आणि मग खणावं लागेल."

हसू गेलं. "तिथं नाही खणायचं," ती म्हणाली. "पाणी सावकाश जाईना का. आपल्याला कुठं गाडी पकडायचीय? कुमुदची परीक्षा आहे, आत्ता झाडाला काही करायचं नाही. स्वल्प थांबा की."

नंदकिशोर थांबला. परीक्षा होऊ दे, मग बघू, असं त्याने ठरवलं. बायको म्हणते म्हणून थांबला असं म्हणावं तर तेही तितकं खरं नाही. त्या बुंध्याशी कुदळ मारायची म्हटलं की त्यालाही ते पुरलेलं गाडगं आठवायचं. निळीची पुडी आणलेली होती, ती न्हाणीतल्या कोनाड्यात तशीच राहिली. आणि विहिरीचा विचार दोघांच्याही मनात आला नाही. विहिरीचं पाणी गोड होतं, ते शंका घेण्याची वस्तूच नव्हती.

परीक्षा झाली. उन्हाने विहीर खाली गेली, पोहरा तळाला लागायला लागला. मोठी माणसं घागरीतलं गाळलेलं पाणी प्यायची. कुमुद खेळून आली की थेट विहिरीवर, आणि भरलेल्या बादलीला तोंड लावून घटाघटा प्यायची. प्रेमा रागवायची, पण ती उष्टं करते म्हणून.

मग कुमुदला ताप आला.

पहिल्यांदा कुणाला काही वाटलं नाही. उन्हातान्हात हुंदडल्यावर ताप येतोच. कोपऱ्यावरच्या डॉक्टरच्या कंपाउंडरने बाटलीवर कागदाच्या पट्ट्या चिकटवून औषध दिलं. ताप सकाळी उतरल्यासारखा व्हायचा, संध्याकाळी चढायचा आणि रोज थोडा जास्त चढायचा. कुमुदची जीभ पांढरी झाली, पोट फुगलं, ती बोलेनाशी झाली. कॉटनपेठेतून तानूबाई आली. तिने पोरीच्या कपाळाला हात लावला आणि मग सरळ मागच्या दारी गेली. प्रेमा तिच्या मागोमाग गेली.

चाफा फुलांनी लदबदला होता. एक पिवळं पान म्हणून शोधायचं म्हटलं असतं तर सापडलं नसतं.

"बघ की," तानूबाई म्हणाली. "ह्येला काय झालंय? उलट जोरात हाय. ताप हाय, जाईल. नाळेचं झाड कवा खोटं बोलत न्हाई."

प्रेमाने हात जोडले. तिचं काळीज इतकं हलकं झालं की ती आत येऊन जेवली, दोन दिवसांत पहिल्यांदा. नंदकिशोर म्हणाला, मोठ्या इस्पितळात नेऊ या. प्रेमा म्हणाली, दवाखान्याचं नाव काढू नका, दवाखान्याने माझी दोन नेलीत. तो खिडकीशी उभा राहिला. बाहेर झाड होतं, हिरवंगार, ठणठणीत. आणि हा रेघेचा पक्का माणूस, ज्याने स्वतः त्या मातीत बोट घालून बघितलं होतं, ज्याला ते झाड कशावर पोसलंय हे ठाऊक होतं, त्यालाही त्या हिरव्या रंगाने धीर दिला. तो म्हणाला, उद्या बघू. उद्याही तो तेच म्हणाला. पोरीच्या बाबतीत माणूस शिकलेला आणि अडाणी असा काही वेगळा राहत नाही, हेच खरं.

शेवटी गौरम्मा आत आली, तिने कुमुदकडे एकदा पाहिलं आणि कुणाला न विचारता टांगा बोलावला.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी टायफॉइड म्हणून सांगितलं. आता औषध आहे यावर, चांगलं औषध आहे, पण तुम्ही फार उशिरा आणलंत, आतडं नाजूक झालंय. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं नंदकिशोरला वाटलं. मग त्यांनी चष्मा काढत सहज विचारलं, "घरी पिण्याचं पाणी कुठलं?"

"विहिरीचं," नंदकिशोर म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याला झाडाच्या मातीतून ओलं निघालेलं बोट आठवलं.

प्रेमा खाटेशी बसली होती. तापाने कुमुदचे केस चिकट होऊन उशीवर त्यांचा गुंताच गुंता झाला होता. फणी नव्हती. प्रेमा बोटांनीच एकेक बट सोडवत होती. कुमुदने डोळे उघडले नाहीत, पण तिचे ओठ हलले.

"हळू गं, आई."

"हळूच करतेय, बाळा," प्रेमा म्हणाली. त्यानंतर कुमुद काही बोलल्याचं कुणाला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीसाठी धुतलेले कपडे आणायला म्हणून प्रेमा घरी आली. नंदकिशोर तिच्या आधीच आला होता. न्हाणीच्या दाराशी निळीची पुडी फाडून टाकलेली होती आणि बादलीचा तळ निळा झाला होता. तो मागे, विहिरीच्या कठड्यावर पोटाने टेकून आत वाकला होता. त्याने काय बघायला घेतलं होतं ते प्रेमाला एकदम कळलं नाही. ती जवळ गेली. तो बाजूला झाला आणि तिला जागा करून दिली.

विहिरीच्या आतल्या दगडांवर नेहमीच एक ओला ओघळ असायचा, झाडाच्या बाजूने. विहिरीला पाझर आहे, चांगली गोष्ट आहे, असं सगळे म्हणायचे. त्या दगडांवरून आता निळं पाणी खाली उतरत होतं. फार नाही, करंगळीएवढी रेघ. ती सरळ खाली जाऊन पाण्याला मिळाली होती.

वळसा घालायला तिने लावलं होतं, वळसा काढला त्याने होता, आणि दोघांनीही तो पोरीच्या मायेने केला होता. प्रेमाने मान वर केली. वरती चाफा उभा होता, भरगच्च, सुगंधी, आणि त्याच्याकडे बघून पोरगी बरी आहे असं ती इतके दिवस म्हणत आली होती. ती तिथेच कठड्याशी ओकली. मग तोंड धुवायला तिने पाण्याकडे हात नेला आणि तो तसाच मागे घेतला.

कुमुद त्याच आठवड्यात गेली.

लोक आले, रडले, गेले. तानूबाई आली तेव्हा मागच्या दाराकडे गेलीच नाही. पुढच्याच खोलीत भिंतीशी बसून राहिली. एवढ्या पोरी-पोरांना जगात आणलेली ती म्हातारी, तिला प्रेमाच्या तोंडाकडे बघवेना. प्रेमाने तिला एक शब्द बोलून दुखवलं नाही. कुणाला बोलायचं आणि काय? त्या घरात दोष इतका सारखा वाटला गेला होता की कुणाच्याच वाट्याला कमी आला नव्हता.

पाऊस लागला आणि न्हाणीतलं पाणी उलटं वर यायला लागलं. आता थांबण्यात अर्थ नव्हता. नंदकिशोरने विहिरीवर फळ्या ठोकल्या होत्या. आता त्याने मल्लाप्पाला निरोप पाठवला आणि तो येणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी टेबलाशी बसून लाइनीचा नवा नकाशा काढायला घेतला. प्रेमा कॉफी ठेवायला आली. कागदावर न्हाणी होती, रस्ता होता, विहीर होती आणि मधे एक लहानसं वर्तुळ होतं. रेघ त्या वर्तुळाशी आली होती आणि वळली होती. या वेळी दुसऱ्या बाजूने, विहिरीपासून दूर.

प्रेमा बघत उभी राहिली.

"हा वळसा कुणासाठी?" तिने विचारलं.

नंदकिशोरने पेन्सिल खाली ठेवली.

"सरळ जाऊ दे आता," ती म्हणाली.

मल्लाप्पा सकाळी दोन गडी घेऊन आला. पोरीचं त्याला कळलं होतं; त्याने डोक्याचं फडकं काढलं, हात जोडले आणि मग तो कामाला लागला. असल्या कामाच्या वेळी घरातल्या बायका दार लावून आत बसायच्या, वास नको आणि विटाळ नको. प्रेमा बाहेर आली आणि मागच्या पायरीवर बसली, जिथे वेणी घालायला बसायची तिथेच. कुणी तिला आत जा म्हणालं नाही.

आधी फांद्या उतरवल्या. फुलं होतीच, ती चिखलात पडली. गौरम्मा कुंपणाशी आली, तिने तोंडाला पदर लावला आणि परत गेली. मग बुंध्याशी कुदळ लागली, आणि थोडं खाली गेल्यावर खापराचा आवाज झाला. मल्लाप्पाने हाताने माती बाजूला केली. गाडगं होतं. एका जाड मुळाने ते फोडलं होतं आणि ते मूळ त्यातून आरपार पलीकडे, पाइपाच्या दिशेने गेलं होतं. आत मातीशिवाय काही नव्हतं. मल्लाप्पाने ती खापरं धुऊन पायरीच्या कडेला आणून ठेवली. प्रेमाने त्यांना हात लावला नाही, पण खापरं तिच्याजवळच राहिली.

दुपारी पाइप उघडा पडला. वळणावरचा सांधा उकलला होता, नंदकिशोरने सांगितलं होतं अगदी तसाच, आणि बरोबर ठरल्याचं त्याला काडीचंही सुख झालं नाही. मल्लाप्पाने घणाने पाइप फोडला आणि आत हात घातला.

"बेरु," तो म्हणाला. "मुळं, सार. सगळी मुळं."

त्याने दोन्ही हातांनी धरून ओढलं. आतून मुळांचा जुडगा बाहेर यायला लागला. जाड मुळं नव्हेत ती. बारीक, काळपट, असंख्य, ओली, एकमेकांत गुंतलेली, लांबच लांब. ओढावं तसतसा जुडगा येतच होता, संपत नव्हता. सुटलेल्या वेणीसारखा तो मल्लाप्पाच्या हातांतून खड्ड्याच्या काठावर लोंबत होता आणि त्यातून पाणी गळत होतं. मधेच तो अडला. मल्लाप्पाने पाय रोवले आणि हिसका दिला.

"हळू," प्रेमा म्हणाली.

ती उठून खड्ड्याशी आली होती. तिचे हात पुढे झाले होते. नंदकिशोरने तिच्याकडे पाहिलं. किती सकाळी त्याने दाढी करताना हा शब्द आतून ऐकला होता, दुसऱ्याच आवाजात.

"हळू ओढ रे, मल्लाप्पा," ती म्हणाली. "गुंता आहे. हिसका देऊ नको."

मल्लाप्पाने हात सैल केला. नंदकिशोर प्रेमाजवळ येऊन उभा राहिला आणि त्याने तिचा हात धरला, गड्यांच्या देखत. मल्लाप्पा पुन्हा खाली बसला, त्याने जुडग्यात बोटं घातली आणि एकेक बट सोडवत, थोडं थोडं करून तो ती मुळं बाहेर काढू लागला.